आत्या, आपला स्लॅब पडला

प्रिय आत्या,

काल आपल्या घराचा स्लॅब पडला. म्हणजे टाकून झाला. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण सकाळी इचलकरंजीला वन्संना फोन करून मी "स्लॅब पडला" एवढंच म्हणाले, तर तिकडून किंकाळीच आली. "अगं बाई, कुणाला लागलं काय?" म्हणत त्या रडायलाच लागल्या. शेवटी तुमचीच लेक. वाक्य पुरं ऐकून घ्यायची पद्धत तुमच्या घराण्यात नाहीच.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळवून झालं. माझ्या माहेरी, दुकानात, तन्वीच्या शाळेतल्या बाईंना, इतकंच काय, भाजीवालीलासुद्धा. आणि मग लक्षात आलं, की जिच्यामुळं हे सगळं घडलं तिलाच सांगायचं राहिलं. तुम्हाला आता फोन लागत नाही, म्हणून पत्र. तुम्ही बोट ठेवून, अक्षर लावून लावून वाचायचा, म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

लग्नानंतर पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, "सासूबाई म्हणू नगंस. सिरीयलीतल्यासारखं वाटतंय. आत्या म्हण." तेव्हा मला वाटलं, किती मोकळी बाई. आठवडाभरात कळलं की मोकळेपणा फक्त बोलण्यात आहे, बाकी सगळं तुमच्या मनासारखंच व्हायला लागतं. पण एका बाबतीत तुमचं काही चालत नव्हतं. तुमच्या मुलाला घर बांधायला लावायचं होतं, आणि तो हलत नव्हता.

विजय कसा आहे हे मला लग्नाआधीच कळायला हवं होतं. आमची ओळखच मुळी डोळे तपासताना झाली. राजारामपुरीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात तो आला, मी भिंग लावलं आणि नेहमीसारखं विचारलं, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" तो म्हणाला, "दोन्ही बरी आहेत." पुन्हा बदलून विचारलं. म्हणाला, "पहिलं चांगलं होतं, पण हेही वाईट नाही." बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी नंबर मीच ठरवला. लग्नाचंही मीच ठरवलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला विचारत बसले असते तर अजून "मुलगी बरी आहे, पण घाई नको" असंच चाललं असतं.

बरं, माणूस ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा. त्यामुळं थांबायला कारणं शास्त्रीय मिळायची. लग्न झालं तेव्हा म्हणाला, नोकरी कायम झाली की जागा बघू. नोकरी कायम झाली, तर तन्वी झाली. तन्वी झाली, तर तिची शाळा कुठं ते ठरू दे. शाळा ठरली, तर निवडणूक होऊ दे. निवडणूक झाली, तर बजेट येऊ दे. "जमिनीचे भाव पडणार आहेत," हे वाक्य मी माहेरच्या माणसांच्या आवाजापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. वर्षातला पितृपक्ष त्याला फार आवडायचा. का, तर तेव्हा जागेचं नावही काढायचं नसतं. तेवढे दिवस तुमचे चिरंजीव अगदी प्रसन्न असायचे, तुम्हाला आठवतंय ना?

मामंजी गेल्यावर तुम्ही पन्हाळ्याखालचं गाव सोडून आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आलात. जन्मभर जमिनीवर चालणारी बाई, तिला जिना चढून घरी यायचं म्हणजे काय वाटत असेल? पहिल्या दिवशी गॅलरीत उभ्या राहून तुम्ही खाली बराच वेळ बघत होता. मी म्हटलं, गावची आठवण येते का? तर तुम्ही म्हणालात, "न्हाय गं. खाली काय पडलं तर उचलायला किती पायऱ्या, त्ये बघत हुते." त्याच रात्री जेवताना तुम्ही विजयला विचारलं, "आपलं कवा?" आणि त्यानं ताटाकडं बघत उत्तर दिलं, "भाव पडू दे."

मग आपण दोघींनी जागा बघायला सुरुवात केली. दर रविवारी. विजय यायचा, पण पाहुण्यासारखा, दोन पावलं मागं. आणि तुमची ती पारख, आत्या! एजंट बिचारा प्लॉटच्या चारी कोपऱ्यांचे दगड दाखवत उभा असायचा आणि तुम्ही प्लॉटकडं पाठ करून शेजारच्या घराची कडी वाजवायचा. "पावणं, तांब्याभर पाणी मिळंल काय?" पाणी किती वेळानं येतं, कशातून येतं, देणाऱ्याचं तोंड कसं असतं, यावरून जागा ठरायची. एके ठिकाणी प्लास्टिकच्या ग्लासातून पाणी आलं, ती जागा गेली. एके ठिकाणी बाईंनी पाणी दिलं, वर चहा दिला, पोहे केले, आपल्याला लेकाच्या लग्नाची सीडी दाखवली. मला वाटलं, जमलं एकदाचं. रिक्षात बसल्यावर तुम्ही म्हणाला, "नको गं बाई. रोज असं झालं तर आपला सैपाक कवा करायचा?"

एका एजंटानं तर पूर्वेचं तोंड, ईशान्येला पाणी असलं काय काय सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आन् वाऱ्याचं काय? त्या पोल्ट्रीचा वास कुठल्या दिशेला जातोय?" त्यानं पुन्हा आपला फोन उचलला नाही.

पण तुम्ही चुकत नव्हता असं मात्र कुणी समजू नये. मी आज साफ सांगणार आहे. नदीकडच्या त्या प्लॉटचं काय? आठवा. नदीच्या बाजूला, सपाट, काळीभोर माती. तुम्ही वाकून मूठभर उचललीत, चुरगाळलीत, वास घेतलात आणि जाहीर केलंत, "ह्येच घ्यायचं. हितं काय बी लावा, उगवतंय." मी म्हटलं, आत्या, आपल्याला घर बांधायचंय, ऊस नाही लावायचा. तुम्ही ऐकेनात. शेजारी पाण्याची परीक्षाही झाली, पितळेच्या तांब्यातून गार पाणी आलं. तुम्ही तर गोठा कुठं बांधायचा तेही ठरवलंत. विजय नेहमीसारखा म्हणाला, "विचार करून सांगतो." तुम्ही त्याच्याशी चार दिवस बोलला नाहीत. तो विचार करत राहिला, आणि प्लॉट दुसऱ्यानं घेतला. घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

त्याच पावसाळ्यात पूर आला. पाणी ओसरत नव्हतं, तुम्ही घरमालकांच्या बायकोबरोबर बसून पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापत होता. दोन दिवसांनी रस्ता जिथवर चालू होता तिथवर आपण तिघं बघायला गेलो. तो प्लॉट कुठं होता हे सांगायलाच आलं नसतं, पण एजंटानं लावलेल्या फलकाची वरची पट्टी पाण्याबाहेर होती. त्यावर लिहिलं होतं, "निसर्गाच्या कुशीत". निसर्गानं पार गळ्यापर्यंत कुशीत घेतलं होतं. आणि तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा करत लेकाला म्हणालात, "बघ. म्या तवाच म्हटलं हुतं, घाई करू नगं."

आत्या, तुम्ही असं कधीही म्हटलं नव्हतं. पण तुमच्या तोंडावर असा काही विश्वास होता, की आम्हालाही क्षणभर वाटलं, म्हटलं असेल.

त्या पुराचा परिणाम असा झाला की विजयच्या थांबण्याला प्रमाणपत्र मिळालं. आता कुणी जागेचं नाव काढलं की तो नुसता हसायचा. "नदीकडची घेतली असती तर?" एवढं विचारलं की आपल्या दोघींची तोंडं बंद. कॉलेजात मुलांना थांबण्याचे फायदे म्हणून हेच उदाहरण सांगत होता म्हणे. असं वाटलं, आता जन्म भाड्याच्या घरातच जाणार.

आणि मग तुम्ही मिरच्या वाळत घातल्या.

चटणीचे दिवस होते. गच्चीभर तुम्ही मिरच्या पसरलेल्या. घरमालकांना दम्याचा त्रास, ते रुमाल लावून वर आले. माणूस वाईट नव्हता, शांतपणेच म्हणाले, "आजी, गच्ची कॉमन आहे." तुम्ही म्हणालात, "मग खोकला बी कॉमनच की. आमी काय खोकत न्हाय व्हय?" मी जिन्यात उभी, हसावं की पळावं कळेना. ते म्हणाले, "तसं नव्हे, पण बाकीच्या भाडेकरूंचाही विचार करायला हवा." भाडेकरू हा शब्द तुम्हाला लागला. मला दिसलं ते. तुम्ही मिरच्या गोळा करायला खाली बसलात आणि मान वर न करता म्हणालात, "पुढल्या उन्हाळ्यात आमच्या मिरच्या आमच्याच दारात वाळत्याल. ही जागा तुमी खुशाल दुसऱ्याला द्या."

रागात माणूस बोलतो, सोडून देतात. पण घरमालक पडले व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी त्यांनी विजयला जिन्यात गाठून हातात हात घेतला. "अभिनंदन सर. आजी सांगत होत्या. बरं झालं वेळेत सांगितलंत, माझ्या पुतण्याला जागा हवीच होती. त्याला शब्द दिलाय मी."

विजय वर आला, पाणी प्यायला, आणखी एक ग्लास प्यायला आणि म्हणाला, "आई, तू मालकांना घर सोडतो म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं कुठं? बोलले नुसतं."

"आणि आपण जायचं कुठं?"

"त्ये तू बघ की. अर्थशास्त्र तुझं हाय."

मला आजवर कळलेलं नाही, तुम्ही हे रागात केलंत की ठरवून? मी त्या वेळी विचारलं तेव्हा तुम्ही मिरच्यांची देठं खुडत होता. म्हणालात, "दोन्ही बी." तेवढंच.

पाचगावच्या माळावरची जागाही तुम्हीच काढलीत. एकट्या सिटी बसनं गेलात, शेवटच्या स्टॉपला उतरलात, आणि संध्याकाळी धुळीनं पांढऱ्या होऊन परत आलात. "मिळाली," म्हणालात. रविवारी आम्हाला घेऊन गेलात. उघडा माळ, वारा असा की तुमचा पदर झेंड्यासारखा फडफडत होता. मी म्हटलं, पाण्याची परीक्षा घेतली का? तुम्ही जरा घुटमळलात. मग कळलं. शेजारच्या घरात तुम्ही पाणी मागितलं होतं, तर त्या वहिनी म्हणाल्या होत्या, "पाणी उद्या येणार हाय मावशी. ताक चालंल काय?" आणि त्या ताकावर तुम्ही जागा पसंत केलीत. ज्या बाईनं पाण्यावरून निम्मं कोल्हापूर नापास केलं, तिनं पाणीच नसलेली जागा घेतली! आता टँकरच्या मागं मी धावते. त्या वेळी तुमचं म्हणणं होतं, "पाणी सरकार कवा तरी दील. माणसं न्हाय देत सरकार." विजयनं इकडं पुराचं पाणी चढेल का म्हणून विचारलं, तेव्हा एजंट हसून हसून खोकायला लागला. माळावर पूर आला तर सगळं कोल्हापूर आधीच गेलेलं असेल म्हणाला. विजयकडं कारणच उरलं नाही.

खरेदीच्या दिवशी तुम्ही नवं नऊवारी लुगडं नेसला होता. विजय म्हणाला, जागा आईच्या नावावर करू. मला वाटलं तुम्हाला भरून येईल. तुम्ही म्हणालात, "खुळा हाईस काय? माझं नाव लावायचं, आन् मग परत काढायला हेलपाटं कोण घालणार? शुभाचं लाव. तिचं पयलं, तुझं मागनं." रजिस्ट्रार ऑफिसातला कारकूनसुद्धा हसला. मी मात्र खाली बघत राहिले. माझ्या आईनंही माझ्यासाठी असं काही मागितलं नव्हतं, आत्या. चहाच्या गाडीवर तुम्ही मला विचारलंत, "डोळ्यात काय गेलं काय?" मी हो म्हटलं.

जागा झाली, तर विजय म्हणाला आता घर सावकाश. पण घरमालकांचा पुतण्या होता ना! तुम्ही रोज जेवताना त्या पुतण्याची चौकशी करायचा. त्याचं लग्न ठरलं, त्यानं पडद्याचं कापड बघितलं, असं काय काय. निम्मं तुम्ही मनानंच सांगत होता, हे मला घरमालकांच्या बायकोनं नंतर सांगितलं. दसऱ्याला कुदळ मारली. दत्ता कॉन्ट्रॅक्टर मिळाला. जोतं येईपर्यंत तुम्ही रोज दुपारी प्लास्टिकची खुर्ची टाकून, छत्री उघडून तिथं बसायचा. दत्ताला पहिल्या आठवड्यात "पावणं" म्हणत होता, दुसऱ्या आठवड्यात "दत्ता", आणि तिसऱ्या आठवड्यापासून जे म्हणायचा ते मी इथं लिहीत नाही. संध्याकाळी विजय कॉलेजातून आला की तुम्ही त्याच्या हातात पाण्याची नळी द्यायचा. "सिमेंटला पाणी मारायचं चुकवू नगंस. बाकी काय बी चुकव."

आणि संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी, अर्धा चहा पिऊन, "जरा पडते" म्हणालात आणि गेलात. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आम्हाला कुणाला काही करायला वेळच दिला नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना घाई केलीत ती केलीत, स्वतःचीही करायची होती का? निदान खिडक्या तरी बघायच्या होत्या.

काम थांबलं. विजयचे काका दिवसांना आले तेव्हा म्हणाले, वर्ष होईपर्यंत बांधकाम करायचं नसतं. विजयनं मान हलवली. दत्ता दोनदा येऊन गेला. सळया उघड्यावर गंजत होत्या, उन्हाळा सरला की पाऊस, मग काम पुढच्या वर्षावर. विजय म्हणायचा, "बघू." आणि माझी पंचाईत अशी, की हे दुःख आहे की सवय, तेच मला कळत नव्हतं. सवय असती तर भांडले असते. दुःखाशी कसं भांडायचं? घरमालकही अचानक चांगले वागायला लागले. "पुतण्याला दुसरीकडं बघायला सांगितलंय. तुम्ही राहा, सर," म्हणाले. आता आम्हाला कुणीच ढकलत नव्हतं.

होळीनंतर दत्ता दुकानात आला. मला वाटलं चष्म्याचं काम आहे. तो जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, सरांना तेवढं सांगा, जोत्याला आता पाणी मारायची गरज न्हाय."

मी म्हटलं, "कोण मारतंय पाणी?"

"सर की. रोज संध्याकाळी. शेजारच्या वहिनी सांगत हुत्या. पाणी नसलं तर राजारामपुरीतनं कॅन भरून आणत्यात स्कूटरवर. मी म्हटलं सर, ह्ये जोतं आता बॉम्ब टाकला तरी हालत न्हाय. तर म्हणाले, असू दे."

विजय मला घरी सांगायचा, कॉलेजात जादा तास आहेत.

त्या संध्याकाळी मी रिक्षा केली आणि माळावर गेले. ऊन उतरलं होतं. विजय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कॅनमधलं पाणी तांब्यानं जोत्यावर शिंपडत होता. एकेक कोपरा नीट भिजवत. मला बघून तो दचकला नाही, लाजला जरासा. मी चप्पल काढून ओल्या जोत्यावर बसले. गार लागलं.

म्हटलं, "दत्ता म्हणतोय, बास झालं पाणी."

"हं."

"काम सुरू करू का विचारतोय."

त्यानं राहिलेल्या कोपऱ्यावर तांब्या रिकामा केला. मग म्हणाला, "काका म्हणाले, वर्ष होऊ दे."

"आत्यांनी काकांना कधी काय विचारलं होतं का?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "कधीच नाही. काकाच तिला विचारायचे." मग त्यानं समोर बोट केलं. "आई तिथं बसायची, बघ. स्वयंपाकघराची भिंत येते तिथं. भिंत आली की ती जागाच राहणार नाही. मग आई कुठं होती ते कुणाला सांगायचं झालं तर काय सांगायचं?"

आत्या, मला वाटलं होतं याच्या डोक्यात भाव आहेत, काका आहेत, मुहूर्त आहेत. आणि हा रोज येऊन त्या एवढ्याशा जागेला पाणी घालत होता. मी आपलं दुकानात गिऱ्हाइकाला विचारते तसं त्यालाच विचारलं. म्हटलं, "मग तू सांग. कुठं बसवायचं त्यांना?"

मला वाटलं म्हणेल, बघू. तो तांब्या भरून घेऊन उतरला, दाराच्या जागेपासून रस्त्याच्या बाजूला गेला आणि मातीवर पाण्याची रेघ ओढली. एक लांब, एक आडवी. "इथं. कट्टा. दगडी. माणसं येता-जाता बसतील असा."

"तिथं गाडी लावायची जागा आहे," मी म्हटलं. नकाशात तसं होतं.

"गाडी राहील रस्त्यावर. भिजली तर भिजू दे."

आपल्याकडं गाडी नाही, आत्या. गाडी घेण्यासाठी तुमचा लेक योग्य वेळेची वाट बघतोय. पण नसलेली गाडी का होईना, त्यानं एका वाक्यात पावसात उभी केली. मी त्याच्याकडं बघतच राहिले. शेजारच्या वहिनी कुंपणावरून सगळं ऐकत होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, "मग दत्ताला सांगू का उद्या या म्हणून?" विजय म्हणाला, "सांगा." मला विचारलंसुद्धा नाही.

मग काम असं धावलं की विचारू नका. भिंती आल्या, खिडक्यांच्या चौकटी बसल्या. काकांना फोनवर विजयनंच सांगितलं, काम सुरू केलंय. काका रागावले, दोन दिवस रागावून राहिले आणि काल स्लॅबला सगळ्यांच्या आधी हजर झाले. पहाटेपासून मिक्सर घरघरत होता, बायका-गडी पाट्या वर देत होते, वळीव येईल म्हणून दत्ता सारखा आभाळाकडं बघून शिव्या घालत होता. आला नाही. दुपारी सगळ्यांना मटण, तांबडा, पांढरा. वहिनींच्या घरात चूल पेटवली होती. काकांनी पांढरा रस्सा किती वेळा मागून घेतला हे मी सांगत नाही. तुम्हाला कल्पना आहेच. जेवताना तुमची आठवण काढून म्हणाले, "वैनी असत्या तर मीठ कमी म्हणाल्या असत्या." मीठ खरंच कमी होतं.

पण मला तुम्हाला सांगायचं होतं ते पुढचं.

जेवणं उरकल्यावर विजय रस्त्याच्या कडेला उभा होता, सिमेंटनं माखलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एक मोटरसायकल थांबली. तरुण नवरा-बायको, नुकतं लग्न झालेली वाटत होती. त्यांना तो गवंडीच वाटला असणार. पोरानं विचारलं, "पावणं, वर त्यो प्लॉट बघून आलोय आमी. हिकडं आत्ता घ्यावी काय जागा? का थांबावं वर्षभर? भाव पडतील म्हणत्यात."

मी पाठीमागं भांडी गोळा करत होते. माझ्या मनात आलं, संपलं, आता हा त्या पोराला बजेटपासून सुरुवात करणार. विजयनं टॉवेल सोडला, घाम पुसला. वरती ओल्या स्लॅबकडं बघितलं. मग त्या पोरीकडं वळून विचारलं, "तुला आवडली का जागा?"

पोरगी म्हणाली, "मला आवडलीया. पण भीती वाटती."

"भीती राहतीच," विजय म्हणाला. "आत्ता घ्या. पण घ्यायच्या आधी घरातलं एखादं मोठं माणूस दाखवायला आणा. ते चुकलं तरी चालतं. पण आणा."

पोरगं म्हणालं, "आमचं मोठं कोण न्हाय हो हितं. गाव लांब हाय."

आणि आत्या, विजयनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मोठं माणूस? मला हसू आलं. हातातली परात खाली ठेवून मी पुढं गेले आणि त्या पोरीला विचारलं, "रविवारी कितीला येताय?"

तर मी जाणार आहे. तुमच्यासारखी पारख मला नाही, मातीचा वास घेऊन मला काही कळत नाही, आणि तुमच्यासारखं कुणाच्या दारात उभं राहायला जीभही धजत नाही. पण त्या पोरीच्या शेजारी उभी राहीन. तिला घाई करणार नाही, थांबवणारही नाही. तिला जागा पटली आणि नवरा विचार करायला लागला, तर मात्र त्याच्याशी मी बोलेन. एवढं मी तुम्हाला कबूल करते.

तुमच्या पायाशी,

तुमची
शुभा